काँक्रीट आणि माग

काँक्रीट म्हणजे माणसाने ओतलेला दगड, आणि दगड म्हणजे अक्षय, अशी एक सोयीची समजूत आपल्या मनात घर करून बसलेली असते. स्लॅब पडली, सेंट्रिंग निघाले, की आता दोन पिढ्यांची चिंता मिटली, असे घर बांधणारा समजतो. आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पंचवीसतीस पावसाळे उलटतात, आणि गच्चीच्या खालच्या अंगास एक बारीक चीर दिसू लागते. चिरेच्या कडेने तांबूस डाग उमटतो. पुढे तेथला पापुद्रा फुगतो, एके दिवशी तो निखळून खाली पडतो, आणि आत उघडी पडते ती गंजून बारीक झालेली सळई. दगड बहुतेक जसाच्या तसा असतो. दगडाच्या पोटातले लोखंड मात्र म्हातारे झालेले असते.

घराच्या गच्चीत हे घडले म्हणजे आपण गवंडी बोलावतो. पुलाच्या पोटात घडले म्हणजे काय होते, ते आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले आहे. पणजीजवळ मांडवी नदीवर असलेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो बांधून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजून गेल्या होत्या. पुढे काही वर्षे लोकांना नदी ओलांडण्यासाठी पुन्हा फेरीबोटीची वाट पाहावी लागली.

हा दोष समुद्रकाठच्या वाऱ्याचा, असे कोणी म्हणेल. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात, ११ सप्टेंबर २०२४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास एल्ब नदीवरील कारोला पुलाचा एक संपूर्ण पट्टा मोडून नदीत पडला. त्यावरून काही मिनिटांपूर्वीच एक ट्राम गेली होती. कोणी दगावले नाही, हे नशीब. हा पूल १९७१ साली पुरा झालेला. येथेही घात झाला तो आतल्या ताणलेल्या पोलादी तारांचाच. बांधकाम चालू असतानाच त्यांस ओल लागली, त्यांत सूक्ष्म भेगा पडण्यास आरंभ झाला, आणि अर्ध्या शतकाच्या रहदारीने त्या वाढत गेल्या, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

ज्या ड्रेस्डेनमध्ये हा पूल पडला, त्याच ड्रेस्डेनमध्ये त्याआधी सुमारे तीस वर्षे काही स्थापत्यविशारद आणि काही वस्त्रविद्येचे जाणकार एका टेबलाभोवती बसून एकाच प्रश्नाशी झगडत होते. काँक्रीटच्या पोटातले पोलाद काढून त्याच्या जागी कापड घालता येईल काय? प्रश्न ऐकून हसू येते. आम्हांलाही प्रथम आले. परंतु हा विनोद नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर आज पुलांच्या, छपरांच्या आणि एका आख्ख्या इमारतीच्या रूपाने उभे आहे. ते कसे उभे राहिले, त्यास इतकी वर्षे का लागली, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढाच आपला आजचा विषय आहे.

आरंभी एका मूळ गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. काँक्रीटमध्ये लोखंड घालावेच का लागते? कारण असे, की काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ओढ सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या मानाने सुमारे एक दशांशच असते. खांबावर नुसता भार असतो तेथे काँक्रीट खुशाल उभे राहते. पण दोन भिंतींवर तुळई टाकली आणि वर वजन ठेवले, म्हणजे तुळईचे वरचे अंग दाबले जाते आणि खालचे अंग ताणले जाते. त्या खालच्या अंगाला चीर पडते. रोमन लोकांनी सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी पँथिऑन मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडावाचून ओतला आणि तो आजही उभा आहे. परंतु घुमटाचा आकारच असा, की त्यात दाबाचे राज्य असते. सपाट छपराला ती सोय नाही.

ओढ सोसण्यासाठी ठिसूळ पदार्थाच्या पोटात चिवट पदार्थ घालावा, ही युक्ती काही सिमेंटच्या कारखान्यात जन्मलेली नाही. आपल्या कोकणात आणि घाटमाथ्यावर कारवीच्या काठ्यांचा कुड उभा करतात आणि त्यावर शेणमातीचा लेप देतात. माती दाब सोसते, कारवी ओढ सोसते. दोघी मिळून भिंत होते. मातीत भुसा कालवणारा शेतकरी हेच करतो. युक्ती जुनी, पदार्थ तेवढे नवे.

सिमेंटच्या बाबतीत ही युक्ती प्रथम वापरली ती फ्रान्समध्ये, आणि तीही कोणा मोठ्या स्थापत्यविशारदाने नव्हे. लांबो नावाच्या एका जमीनदाराने १८४८ साली लोखंडी तारांची जाळी विणून तिच्यावर सिमेंटचा लेप दिला आणि चक्क एक होडी बनवली. १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने ती मांडली. पुढे मोनिए नावाच्या एका माळ्याने झाडांच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याच प्रकारे जाळी घालून कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्यांचे पेटंट घेतले. कुंडीवरून तो टाक्यांवर, नळांवर आणि अखेर पुलावर गेला. त्याच्या कल्पनेवर इतरांनी मोठमोठे कारखाने उभारले. तो स्वतः १९०६ साली विपन्नावस्थेत वारला.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लांबोच्या होडीत काय, मोनिएच्या कुंडीत काय, आत होती ती जाळी. बारीक तारांची, जवळजवळ विणलेली. म्हणजे सळईच्या काँक्रीटचा जन्मच मुळी एका प्रकारच्या कापडापासून झाला. पुढे १८९२ साली एनबिक ह्या फ्रेंच बांधकामकाराने जाड सळयांचे आपले पेटंट घेतले, आणि खांब, तुळया, छत एकसंध ओतण्याची त्याची पद्धत जगभर पसरली. जाळी विणण्यास हात फार लागत. सळई कारखान्यातून लाटून स्वस्तात बाहेर पडे. जाळी मागे पडली, सळई पुढे गेली, आणि विसावे शतक हे सळईच्या काँक्रीटचे शतक ठरले.

सळईला निसर्गाने दोन वर दिले होते. उष्णतेने पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून ऊनपावसात त्यांचा संसार मोडत नाही. दुसरा वर असा, की सिमेंट पाण्यात कालवले म्हणजे त्यात तीव्र अल्कली तयार होते, आणि अशा अल्कलीत पोलादावर एक संरक्षक पापुद्रा धरतो. ते गंजत नाही. परंतु हा दुसरा वर शाश्वत नसतो. हवेतील कर्बवायू हळूहळू काँक्रीटमध्ये मुरतो आणि अल्कलीचा जोर मारतो. समुद्राकाठी मिठाचे कण आत शिरतात. हे आक्रमण सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. ह्यावर उपाय म्हणून सळईवर काँक्रीटचे तीनचार सेंटिमीटर, खाऱ्या जागी त्याहूनही जाड, आवरण ठेवावे लागते. भार पेलण्याशी ह्या आवरणाचा फारसा संबंध नसतो. ते केवळ पोलादाची पहारेकरी असते. जगातील किती सिमेंट केवळ ह्या पहाऱ्यावर खर्च होते, याचा विचार केला म्हणजे मन थक्क होते. सिमेंट भाजताना बाहेर पडणारा कर्बवायू मानवाने हवेत सोडलेल्या एकूण कर्बवायूच्या सात ते आठ टक्क्यांच्या घरात जातो, हे आज आपण जाणतो. तेव्हा हा हिशेब केवळ घरमालकाच्या खिशाचा राहिलेला नाही.

मग न गंजणारे काही आत घालावे, हा विचार ओघानेच आला. काच गंजत नाही, तिचे तंतू ओढीला पोलादासही मागे टाकतात, आणि काच स्वस्त. पण येथे नियतीने गंमत केली. जी अल्कली पोलादाला जपते, तीच काचेला खाते. साध्या काचेचे तंतू सिमेंटमध्ये घातले की काही काळाने ते झिजून त्यांचे बळ जाते. ह्या अडचणीतून वाट काढली ती इंग्लंडमधील सरकारी इमारत संशोधन केंद्रात. तेथे १९६७ साली डॉ. ए. जे. मजुमदार ह्या शास्त्रज्ञाने काचेत झिरकोनियाचे मोठे प्रमाण मिसळून पाहिले, आणि अल्कलीला दाद न देणारी काच हाती आली. १९७१च्या सुमारास ती बाजारात उतरली. पण तिचे तंतू आखूड तुकडे करून सिमेंटमध्ये कालवले जात. आखूड तंतू दशदिशांना तोंडे करून पडतात. ज्या दिशेला ओढ असेल त्या दिशेला नेमके थोडेच. अशा पदार्थाची तावदाने झाली, नक्षी झाली, पातळ पत्रे झाले. पण त्यावर पूल टाकण्याची छाती कोणाची झाली नाही. तंतू हवे तेथे, हवे त्या दिशेने आणि अखंड घालावयाचे, तर ते ओळीने मांडले पाहिजेत. म्हणजेच ते विणले पाहिजेत. आणि विणणे हे गवंड्याचे काम नव्हे.

आता आपणास जर्मनीच्या पूर्व भागातील सॅक्सनी प्रांतात गेले पाहिजे. केम्निट्झ हे तेथले मागांचे शहर. सॅक्सनीचे मँचेस्टर असे त्यास म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग साम्यवादी पूर्व जर्मनीत गेला, आणि १९५३ ते १९९० ह्या काळात ह्या शहराचे नावही बदलून कार्ल मार्क्स स्टाट झाले होते. त्याच परिसरातील लिंबाख गावच्या माउअर्सबर्गर नावाच्या वस्त्रकाराने १९४९ साली एका नव्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यास मालिमो म्हणतात. त्याची करामत समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

आपल्या इचलकरंजीच्या किंवा सोलापूरच्या मागावर कापड कसे होते? ताण्याचे धागे उभे, बाण्याचे आडवे. बाणा एका ताण्याच्या वरून, पुढच्याच्या खालून जातो. त्यामुळे प्रत्येक धागा नागमोडी होतो. साडीला हे फार चांगले, कारण त्याने कापडाला लवचीकपणा येतो. परंतु काँक्रीटच्या पोटात असा नागमोडी धागा कामाचा नाही. ओढ आली की तो आधी सरळ होऊ पाहतो, आणि तो सरळ होईपर्यंत काँक्रीटला चीर पडून जाते. मालिमो यंत्रात धागे एकमेकांच्या खालीवर जातच नाहीत. उभे धागे सरळ पसरतात, त्यांवर आडवे सरळ पसरतात, आणि तिसरा एक बारीक धागा टाके घालून त्यांस जागच्या जागी बांधून टाकतो. धागा सरळ राहतो, म्हणून ओढ येताक्षणी कामाला लागतो. टाके सैल घातले तर मध्ये चौकोनी भोके राहतात, आणि त्या भोकांतून ओले काँक्रीट आरपार जाऊ शकते. कपड्यासाठी काढलेले यंत्र इमारतीच्या कामी कसे आले, ते ह्यावरून ध्यानात येईल.

१९८०च्या दशकाच्या आरंभीच सॅक्सनीतील वस्त्रसंशोधकांनी काँक्रीटमध्ये वस्त्र घालण्याच्या कल्पनेचे पेटंट घेऊन ठेवले होते. पण तेव्हा ती कल्पना कागदावरच राहिली. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडच्या गिरण्या पश्चिमेच्या स्पर्धेत पटापट बंद पडल्या. हजारो कामगार बेकार झाले. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या शहरांची अवस्था अधिक सांगावयास नको. ज्या प्रांतात धाग्याची विद्या पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे, तेथे ती विद्या आता कशाला लावावी, असा तो प्रश्न होता. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात वस्त्रविभागाचे प्राध्यापक पेटर ऑफरमान होते; १९९४ साली तेथे काँक्रीटचे प्राध्यापक म्हणून मानफ्रेड कुरबाख आले. एकाकडे धागे होते, दुसऱ्याकडे भेगा होत्या.

१९९९ साली जर्मनीच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने ह्या विषयाला दोन ठिकाणी मोठे अनुदान दिले: पूर्वेला ड्रेस्डेन आणि पश्चिमेला आखेन. कामाची वाटणीही विचारपूर्वक केली. ड्रेस्डेनने मुख्यतः जुन्या बांधकामांच्या बळकटीकरणाकडे पाहावे. आखेनने, जेथे योझेफ हेगर हे प्राध्यापक होते, नव्या बांधकामाकडे. दोन्ही प्रकल्प बारा वर्षे, म्हणजे २०११ पर्यंत, चालले. आम्हांस ह्या बारा वर्षांचे महत्त्व विशेष वाटते. कारण पहिली काही वर्षे ह्या मंडळींच्या हाती यशापेक्षा कोडीच अधिक आली.

त्यांतले एक कोडे सांगतो. काचेचा किंवा कर्बाचा एक धागा म्हणजे खरोखर एक धागा नसतो. ती शेकडो, हजारो, कर्बाच्या जाड लडीत तर पन्नास हजारांच्या घरातील, तंतूंची जुडी असते, आणि एकेक तंतू केसाच्याही एक दशांश जाडीचा. ही जुडी काँक्रीटमध्ये घातली की सिमेंटचे कण तिच्या बाहेरच्या तंतूंनाच चिकटतात. आत शिरण्याइतकी जागाच त्यांना नसते. मग ओढ आली की बाहेरचे तंतू सारा भार घेऊन तुटतात आणि आतले नुसते सरकतात. रस्सीखेचीत पुढच्या दोघांनी जीव तोडून ओढावे आणि मागच्या अठरांनी दोरीला नुसता हात लावावा, तसा प्रकार. कागदावर जे बळ होते त्यातले फार थोडे हाती लागे. उपाय सापडला तो विणकराच्याच घरात. सुताला खळ देतात, तशी ह्या जुडीला रबरासारख्या द्रव्याची, पुढे इपॉक्सी राळेची खळ दिली. खळीने सारे तंतू एकजीव झाले आणि सगळे मिळून ओढू लागले. दुसरी अडचण काँक्रीटची होती. नेहमीची खडी ह्या जाळीच्या भोकांतून जाईना. म्हणून एकदोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण नसलेले, पातळ वाहणारे, बारीक काँक्रीट नव्याने तयार करावे लागले. वस्त्रकाराने काँक्रीट शिकावे आणि काँक्रीटवाल्याने वस्त्र शिकावे, असा तो दुहेरी विद्याभ्यास होता.

फळ दिसू लागले ते २००५ सालानंतर. सॅक्सनीतील ओशाट्झ गावी प्रांतिक उद्यानप्रदर्शनासाठी एक पादचारी पूल झाला. लांबी अवघी नऊ मीटरच्या आसपास, पण त्याच्या कवचाची जाडी फक्त ३ सेंटिमीटर. सळईवर जेवढे नुसते आवरण ठेवतात, तेवढ्यात येथे सारा पूल बसला. २०१० साली आल्बश्टाट गावच्या लाउटलिंगेन भागात सुमारे ९७ मीटर लांबीचा पादचारी पूल झाला. त्या जागी पूर्वी सळईच्या काँक्रीटचाच पूल होता, आणि सळया गंजल्या म्हणूनच तो पाडावा लागला होता. हे दोन्ही पूल काचेच्या जाळीचे. ताणण्यासाठी त्यांत पोलादी तारांचे साहाय्य घेतलेले होतेच. पोलाद पूर्णपणे बाहेर गेले ते २०१५ साली, त्याच आल्बश्टाटच्या एबिंगेन भागात. तेथे कर्बतंतूंच्या जाळीवर १५ मीटरचा पूल उभा राहिला. वजन सुमारे १४ टन, आणि काँक्रीटच्या आत सळईचा तुकडाही नाही.

काचेकडून कर्बाकडे झालेली ही वाटचाल साहजिक होती. कर्बाचा तंतू पोलादाच्या चौथा हिस्सा वजनाचा आणि ओढीला त्याच्या कित्येक पट बळकट. शिवाय अल्कली त्याला काही करीत नाही. २०१४ साली जर्मन सरकारच्या साहाय्याने कर्ब-काँक्रीटचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला आणि शंभरावर संस्था व कारखाने त्यात सामील झाले. २०१६ साली कुरबाख, ऑफरमान आणि त्यांचे सहकारी शोक्री शेरिफ ह्या तिघांना जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांचा भविष्य पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये ड्रेस्डेनला 'क्यूब' नावाची इमारत खुली झाली. कर्ब-काँक्रीटची जगातील पहिली इमारत म्हणून ती ओळखली जाते. तिची भिंत वळत वळत छप्पर होते, जणू कोणी एक वस्त्र अंगावरून ओढून घेतले आहे.

अशी नवलाई पाहण्यास लोक जातात आणि छायाचित्रे काढतात. तथापि ह्या शोधाचे खरे मोल आम्हांस दुसरीकडे दिसते. श्वाइनफुर्ट गावच्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहावर काँक्रीटचे खोगिरासारखे वळलेले, केवळ ८ सेंटिमीटर जाडीचे छप्पर होते. ते कमकुवत ठरले. सळया घालून वर नवा थर द्यावा, तर त्या थराच्या वजनानेच जुने छप्पर मोडावयाचे. रोगापेक्षा औषध जड. २००६ साली त्यावर कर्बाच्या कापडाचे तीन पदर बारीक काँक्रीटमध्ये बसवले. सगळ्यांची मिळून जाडी दीड सेंटिमीटर. छप्पर वाचले. त्यानंतर झ्विकाउ शहरात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका जुन्या सरकारी इमारतीचे कमानदार छत अशाच रीतीने सावरले. २०१४ साली जर्मनीत अशा बळकटीकरणास सर्वसाधारण शासकीय मान्यताही मिळाली.

ह्यातले सर्वांत हृद्य उदाहरण माग्डेबुर्गचे. पूर्व जर्मनीतील उलरिख म्युटर ह्या स्थापत्यविशारदाने तेथे १९६९ साली ४८ मीटर लांब आणि तेवढेच रुंद असे, मध्ये एकही खांब नसलेले कवचाचे छप्पर उभारले होते. १९९७ साली ते धोकादायक म्हणून बंद झाले. पुढे वीस वर्षे ते पावसात भिजत पडले. ते पाडावे अशी मागणीही झाली. अखेर शहराने ते राखण्याचे ठरवले. कवचाला वरून आणि खालून, प्रत्येकी सुमारे एक सेंटिमीटरचा कर्ब-काँक्रीटचा लेप दिला, आणि २०२४ साली ते सभागृह पुन्हा उघडले. आकार तोच, पातळपणा जवळजवळ तोच. फाटलेल्या शालूला जाणत्या हाताने रफू करावा आणि टाका दिसू नये, तसे हे काम झाले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एकांगी स्तुती हा व्याख्यानाचा धर्म नव्हे. कर्बाचा धागा किलोच्या हिशेबाने पोलादापेक्षा कितीतरी पट महाग आहे. तो तयार करण्यास प्रचंड उष्णता लागते, आणि त्याचा कच्चा माल बहुतांशी खनिज तेलापासूनच येतो; तेव्हा सिमेंट वाचवून मिळवलेले पुण्य धाग्यात काही अंशी खर्च होते. पोलाद तुटण्यापूर्वी लांबते, वाकते, माणसाला सावध करते. कर्बाचा तंतू असा लांबत नाही, मर्यादा ओलांडली की तुटतो. म्हणून हिशेबात सुरक्षिततेची जागा अधिक ठेवावी लागते. आगीत धाग्यावरची खळ काँक्रीटच्या आधीच मऊ पडते. इमारत पाडल्यावर धागा आणि काँक्रीट वेगळे करणे हाही एक नवा उद्योग आहे. आणि कारोला पुलाच्या पोटातल्या तारा ह्या कापडाने वाचल्या असत्या, असा दावा करणे शहाणपणाचे होणार नाही. जो रोग तारांच्या आत दडलेला आणि बाहेरून न दिसणारा, त्यावर वरून दिलेला लेप पुरेसा नसतो.

मग कोणी विचारील, की आमच्या गच्चीला ह्याचा उपयोग काय? आज तरी थोडा. साध्या स्लॅबला सळईच परवडते, आणि तिची अकाली झीज होते ती पुष्कळदा आपल्याच हलगर्जीपणामुळे. काँक्रीट कालवताना पाणी अधिक ओतलेले असते, सळईखाली आवरणाचा ठोकळा ठेवलेला नसतो, पाणी मारण्याचे दिवस चुकवलेले असतात, आणि गच्चीवर पाणी साचू दिलेले असते. हे चार दोष टाळण्यास कर्बाचे कापड लागत नाही. परंतु आपल्या किनाऱ्यावर, मुंबईपासून मालवणापर्यंत आणि पुढे गोव्यात, सळईच्या काँक्रीटचे हजारो पूल, धक्के, शाळा, चाळी, रुग्णालये खारा वारा पीत उभी आहेत. ती सारी पाडून नवी बांधणे आपल्याला पैशाने परवडणार नाही आणि हवेलाही परवडणार नाही. त्यांतील काहींना तरी, जेथे छप्पर जड करता येत नाही आणि पाडवतही नाही, अशा दीड सेंटिमीटरच्या लेपाचा विचार करावा लागेल. त्या दिवशी ही जर्मनीची गोष्ट आपली होईल.

आणि त्या दिवशी एक गोष्ट विशेष आठवावी. लांबो जमीनदार होता, मोनिए माळी होता, माउअर्सबर्गर वस्त्रकार होता. बांधकामाच्या विद्येला वेळोवेळी नवे बळ आले ते तिच्या उंबरठ्याबाहेरून. ड्रेस्डेनच्या काँक्रीटच्या प्राध्यापकाने वस्त्राच्या प्राध्यापकाचे दार ठोठावले आणि दोघांनी वर्षानुवर्षे एकमेकांची भाषा शिकून घेतली, म्हणून हे काम तडीस गेले. आपल्या महाराष्ट्रात स्थापत्याची महाविद्यालये आहेत, आणि मागांची गावेही आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागावर आणि सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात धाग्याचा ताण बोटांनी ओळखणारी माणसे आहेत. त्या दोघांची गाठ कोणी घालून द्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. गच्चीच्या चिरेतून खाली उतरणारा तो तांबूस डाग आपली वाट पाहत थांबणार नाही.